टिंचरचा वास

काल शिरूरच्या मेडिकलमध्ये दुकानदाराच्या हातून टिंचरची बाटली फुटली. तो उग्र वास नाकात शिरला आणि मला निमोण्यातली आमची पडवी आठवली. तेव्हा हे वारून चौथा दिवस होता. माणसं येत होती, बसून जात होती. मी भिंतीला टेकून होते. डोळ्यांत पाणी नव्हतं. तेवढ्यात आमचा कुत्रा, पिंट्या, लंगडत आला. उसाच्या फडात त्याच्या पंजात काच घुसली होती.

मी उठले. त्याचं तोंड मांडीशी दाबून काच उपसली, कोमट पाण्यानं पंजा धुतला, टिंचर लावलं. तो विव्हळला, पण चावला नाही. जखम चाटू नये म्हणून पट्टीवर ह्यांचा एक पायमोजा चढवला.

सासरे बघत होते. "अगं, पोराचा मोजा हाय तो," ते हळूच म्हणाले.

"व्हय आबा," मी म्हणाले. "आता कोन घालनार हाय?"

किती घट्ट मनाची, असं बायका कुजबुजल्या. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आता वाटतं, त्या दिवसांत माझे फक्त हातच जागे होते.

रोज पट्टी बदलत गेले. पंधरा दिवसांनी पिंट्या बांधावरून धावू लागला. मला रडू फुटायला मात्र दिवाळी उजाडली.