दूध आईचं, शेअर बाबांचा

आमच्या गावची डेअरी बिल्डरने गिळली, असं आता जो तो सांगत सुटतो. सांगायला सोपं आहे ते. मी त्या सभेला हजर होते. बिल्डरला तोंडही उघडावं लागलं नाही. आमच्या बापांनीच ती ताटात वाढून दिली, वर पाण्याचा तांब्याही भरून ठेवला.

गाव बदलापूरपासून रिक्षाच्या अंतरावर. आईच्या दोन म्हशी होत्या. आईच्या म्हणते, कारण गोठ्यात दुसरं कुणी पाऊल टाकत नव्हतं. पहाटे शेण काढणं, पेंड भिजवणं, धार काढणं, मग किटली डोक्यावर घेऊन डेअरी. बाबा अंबरनाथला कारखान्यात होते. आमच्या गावातले बहुतेक बाप कुठल्या ना कुठल्या कारखान्यात होते. म्हशीची कास कुठल्या बाजूला असते हे त्यांना ठाऊक असेल, एवढंच मी म्हणेन.

डेअरी यायच्या आधी दूध उल्हासनगरला जायचं, कॅम्प दोनमधल्या एका मिठाईवाल्याकडे. दिवाळीत तो माणूस गोड बोलायचा, माई माई करायचा. दिवाळी संपली की त्याच दुधात बोट बुडवून म्हणायचा, "माई, दूध पतला है. देना है तो दो, नहीं तो ले जाओ." नासायला आलेलं दूध घेऊन बाई जाणार कुठे? द्यायची. गावात सहकारी डेअरी झाली तेव्हा हे संपलं. काचेच्या नळीत फॅट दिसायचं आणि त्याप्रमाणे भाव मिळायचा. कुणाचं बोट मधे नाही. त्या दिवसांत आई चालायचीसुद्धा वेगळी.

डेअरीचे सभासद नोंदवायला सेक्रेटरी घरोघर फिरले होते. मी तेव्हा लहान होते. तो माणूस भला. ते आईला म्हणाले, दूध तुम्ही घालणार तर शेअर तुमच्याच नावावर लिहितो. आई पदर तोंडाला लावून हसली. "घरान मानूस हाय ना, मंग माजा नाव कनाला?" म्हणाली. सेक्रेटरींनी बाबांचं नाव विचारलं, तर तेही तिला सांगता येईना, नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. तिने मला पुढे केलं. मी शाळेतल्यासारखं खणखणीत नाव सांगितलं आणि सेक्रेटरींनी लिहून घेतलं. शेजारच्या घरीही तेच, त्यापलीकडेही तेच. सकाळी डेअरीपुढे सगळी बायकांची रांग आणि सभासद सगळे पुरुष. यात काही वावगं आहे असं कुणालाही वाटलं नाही. आईला तर मुळीच नाही.

मी कॉलेजात गेले तोवर बदलापूरला इमारतींचं पेव फुटलं होतं. डेअरीची जागा रस्त्याला लागून होती. शाळेच्या व्हरांड्यात सभा लावली. पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून सतरंजीवर बसले, बायका मागे भिंतीला टेकून. आईने मला मुद्दाम कॉलेज बुडवून सभेला आणलं होतं, इंग्रजी कागद निघाला तर वाचायला. कागद निघालाच नाही. चेअरमननी सरळ सांगितलं की जागा बिल्डरला विकू, पैसे सभासदांत वाटू, डेअरीचं पुढे बघू.

आई उठून उभी राहिली. माझ्या आठवणीत ती पुरुषांच्या बैठकीत तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"दूध आमी घालतो. आमाला इचारला का कुनी? डेअरी गेली तं परत त्या मिठाईवाल्याचे दारान उभा ऱ्हायाचा का?"

चेअरमन नात्याने तिचे दीर लागत. ते चिडले नाहीत, उलट गोडच बोलले. "वैनी, तुमी बसा. मेंबर त्ये हायत. त्यांना बोलू द्या."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. आईनेही पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. तिला वाटलं, आता हे सांगतील. बाबा सतरंजीचा दोरा ओढत बसले. मग चेअरमननी हात वर करायला सांगितलं आणि बाबांचा हात वर गेला. सगळ्यांत आधी नाही, सगळ्यांत शेवटीही नाही. अधलामधला.

त्यांना अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ ब्लॉक हवा होता. पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवायचा त्यांना कंटाळा आला होता, हे मला माहीत आहे. पण एकदा घरात बोलायचं तरी. रस्त्याने येताना आईने फक्त विचारलं, असं का केलंत. ते म्हणाले, "मी काय एकटा हाय का? सगल्यांनी हात केला."

डेअरी बंद झाली. दूध पुन्हा मिठाईवाल्याच्या दारात जाऊ लागलं आणि त्याचं बोट पुन्हा किटलीत बुडू लागलं. आईने थोडे दिवस ते सोसलं. मग पेंड परवडेना, आणि बाबांनी कल्याणकडच्या एका तबेलेवाल्याला म्हशी विकायचं ठरवून टाकलं.

तबेल्याचा टेम्पो आला तेव्हा म्हशी वर चढायला लावलेल्या फळीवर पाय ठेवीनात. ड्रायव्हरने दोर ओढला, बाबांनी शेपूट पिरगळलं. त्या पाय रोवून उभ्या. आई ओट्यावर पाठ करून भांडी घासत होती. बऱ्याच वेळाने बाबांनी तिला हाक मारली. मला वाटलं, ती उठणार नाही. माझी इच्छा होती की तिने उठू नये.

ती उठली. हात पदराला पुसून फळीवरून आधी स्वतः वर चढली आणि रोज धारेच्या वेळी करायची तसा जिभेने आवाज केला. दोघी तिच्यामागून निमूट चढल्या. तिने दोर बांधला आणि खाली उतरली.

बाबांना हायसं वाटलं. म्हणाले, "बघ, तुजे मागून कशा गपगुमान चढल्या."

"त्यांचा माजेवर इसवास व्हता," आई म्हणाली.