आवाज गालाने ऐकायचा

आमच्या रायफल क्लबात मेडलं कमी आणि किस्से जास्त! मेडलं एका कपाटात मावली, वर जागा उरली. किश्श्यांना मात्र जागा पुरत नाही. धुळ्याच्या देवपुरात रविवारी चहाच्या गाडीवर आम्ही जमलो, की गाडीवाला आधीच दुसरं पातेलं चढवतो.

आणि आमचे निम्मे किस्से एकाच चिमूटभर वस्तूचे आहेत. प्रायमर! काडतुसाच्या बुडाशी असलेला मसाला. रायफलीतली पिन त्याला ठोसा देते, तो ठिणगी टाकतो, ठिणगी दारूला लागते आणि गोळी सुटते. लोकांना गोळी माहीत असते, दारू माहीत असते. प्रायमरला कोणी विचारत नाही. आमच्या क्लबात मात्र पहिला नमस्कार त्यालाच.

ही पद्धत आबांची. आबा म्हणजे आमचे कोच, लष्करातून निवृत्त झालेले, देवपुरातच राहणारे. नवा मेंबर आला, की ते रायफलीत एक खास काडतूस घालतात. त्यात दारू नाही, पुढे गोळी नाही, नुसता प्रायमर. तो वाजवून दाखवल्याशिवाय नव्या माणसाला खरी गोळी मिळतच नाही.

आमचे पारस शेठ नवे आले तेव्हाची गोष्ट. शेठचं धुळ्यात कापडाचं दुकान, घराणं मूळचं राजस्थानचं, कामच सगळं झोकात. नवं जॅकेट, नवा ग्लोव्ह, नवी टोपी. कानांवर मफ चढवून, डोळे मिटून बसले, आता मोठा धमाका होणार म्हणून. आबांनी घोडा दाबला. टिक!

शेठनी एक डोळा उघडला. ‘‘आबा, झालं? अहो, माझ्या दुकानाचं शटर याहून जोरात वाजतं!’’

आबा शांतपणे आपल्या अहिराणीत म्हणाले, ‘‘भो, मोठा आवाज गोळी लई जास. धाकला आवाज गोळी मझारच ठेवस. धाकलालेच घाबराले जोयजे.’’

म्हणजे असं, की कधी एखाद्या काडतुसात दारूच नसते. मग एकटा प्रायमर गोळीला ढकलतो आणि ती नळीत अर्ध्यावर अडकते. आपल्याला वाटतं, नेम चुकला. आपण दुसरी गोळी मारतो, ती पहिलीवर जाऊन आदळते. नळी फुगते, आणि दिवस वाईट असेल तर फुटते. नळीजवळ आपलंच तोंड असतं!

म्हणून क्लबाचा नियम एकच. आवाज धाकटा आला, की रायफल लक्ष्याकडेच ठेवायची, बोट काढायचं आणि हात वर करायचा. पण कानांवर मफ असताना ऐकणार कसं? तर गालाने! रायफलीच्या लाकडाला गाल टेकलेला असतो. खरा बार गालाला धक्का देतो, नुसता प्रायमर देत नाही. कोणी हात वर केला, की आबांचा प्रश्न ठरलेला, ‘‘गाल काय सांगस?’’

०

एकटा प्रायमर गोळीला किती लांब नेतो, यावर शेठ आणि मी बरेच रविवार भांडलो. शेठ म्हणायचे, ती नळीतच राहणार. मी म्हणायचो, बाहेर पडणार. मी पेंटचं दुकान चालवतो, पण वाद घालताना शास्त्रज्ञ असतो!

मग एकदा माझ्याच काडतुसात दारू नव्हती. गोळी बाहेर आली आणि थोडं पुढे मातीत पडली. मी क्लबभर नाचलो. पुढच्या महिन्यात शेठचं काडतूस तसंच निघालं आणि गोळी नळीत अडकली. आता शेठ नाचले.

शेवटी निवाडा आबांकडे गेला. आबा म्हणाले, ‘‘हाई शिरपूरनी काळी-पिवळी शे. कधी गावमा उतारस, कधी फाटावरच!’’

०

आमचा मेंबर विलास याचं लग्न शिरपूरला होतं. आम्ही सगळे मिरवणुकीत. घोड्यावर नवरदेव, पुढे बँड आणि त्याच्यापुढे फटाक्यांची लड. धडाड धडाड चाललेलं असताना मधलाच एक फटाका फुस्स झाला.

आबांचा हात वर! पाठोपाठ शेठचा आणि माझाही. सवय हो! पण घोड्यावरून विलासनेही हात वर केला. नवरदेवानेच हात वर केलेला पाहून बँड बंद पडला आणि घोडा थांबला. मुलीचे वडील मांडवातून धावत आले, घामाघूम झालेले.

‘‘काय झालं? मुलगा नाही म्हणतोय का?’’

०

आता जयश्रीचं सांगतो. ही जळगावची, पिंप्राळ्यात तिचा दातांचा दवाखाना आहे. दर रविवारी पहाटेची एसटी पकडून धुळ्याला यायची. राज्याच्या संघात जायचंच, हा तिचा हट्ट. दोनदा थोडक्यात हुकली होती. यंदा दवाखाना वाढवायचा होता, त्यामुळे हाच शेवटचा प्रयत्न, असं तिने आम्हाला बजावलं होतं.

निवड चाचणी परगावी होती. आम्ही सगळे दोरीमागे उभे. जयश्री गुणांत पुढे होती, थोड्याच गोळ्या राहिल्या होत्या, घड्याळ पळत होतं. तिने घोडा दाबला आणि लगेच हात वर केला.

रेंज ऑफिसर आला. तरुण, कडक इस्त्रीचा. समोर पाहून म्हणाला, ‘‘मॅडम, लक्ष्यावर भोक नाही. नेम चुकला. पुढची मारा, वेळ जातोय.’’

‘‘गाल नाही म्हणतोय,’’ जयश्री म्हणाली.

‘‘कोण?’’

‘‘गाल.’’

खरं सांगू? त्या क्षणी मलाही वाटलं, बाई, मार एकदाची! एवढ्या पहाटेच्या एसट्या वाया जाणार. शेठ तर डोळे मिटून पुटपुटत होते. जयश्री हलली नाही. हात तसाच वर, घड्याळ चालूच.

मग दोरीमागे आबांनी हात वर केला. शेठनी केला, विलासने केला, मीही केला. ऑफिसर वैतागला. ‘‘तुम्हाला कोणी विचारलंय का?’’ पण इतके हात पाहून त्याने शेवटी नळी तपासायला माणूस बोलावला. त्या माणसाने रायफल मोकळी केली आणि नळीत सळई घातली. ती अर्ध्यावर जाऊन थांबली.

ऑफिसरने सळई स्वतः ढकलून पाहिली. मग त्याने गेलेला वेळ जयश्रीला परत दिला. राखीव रायफल आली. तिने गाल टेकवला आणि उरलेल्या गोळ्या एकेक करून शांतपणे मारल्या.

संध्याकाळी संघाची नावं वाचायला तोच ऑफिसर उभा राहिला. मागे मैदानावर दुसऱ्या गटाचा सराव चालू होता. त्याने नाव पुकारलं, ‘‘जळगावची जयश्री! कोण आहे?’’

गर्दीतून जयश्रीने हात वर केला.

हातातला कागद टाकून ऑफिसर मैदानाकडे वळला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, ‘‘फायर बंद! सगळे थांबा!’’