खडकावर वाळत घातलेली साडी

भर उन्हात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, मी एक साडी पाण्यात घालवली. माझी नव्हे, धाकट्या जावेची, सुलभाची. तिच्या गेलेल्या आईची तेवढीच एक आठवण. सुलभाला जाऊन महिना झाला, आता कबूल करायला हरकत नाही.

ती कोकणातल्या खाडीकाठची, आमच्या अमरावतीच्या भाजीवाल्या घरात लग्न होऊन आली. मी अकोल्याची, थोरली, आणि थोरलेपणाचा माझा तोरा काय विचारता! वरणात मीठ जास्त झालं की म्हणायची, "समुद्र आणला का वं माहेरून?" ती वरणात पाणी वाढवायची. एकदा तिच्या माहेरी गेलो. तिची ती साडी मी हौसेनं नेसले, मळवली, धुतली आणि आमच्याकडे पूर्णा नदीच्या काठी वाळवतो तशी खाली खाडीतल्या खडकावर पसरली. वर चार दगड.

"ताई, भरतीच्या आत उचला हं."

"पाऊस नाई, काई नाई, पानी येईन कुठून?" मी हसले. आमच्याकडे भरती म्हणजे पोलिसांची, नाहीतर दवाखान्यातली! जेवून येते तो खडकच नाहीत... नुसतं पाणी.

मी रडले. ती पाण्याकडे बघत राहिली, बोलली काहीच नाही. त्या न बोलण्याची अशी धास्ती बसली की संध्याकाळपर्यंत मीच तिला तीनदा चहा करून दिला. अमरावतीला आल्यावर मिठाचा विषय बंद. उलट तिच्या समुद्राची चौकशी करू लागले... उधाण केव्हा येतं, ओहोटीला होड्या कुठे जातात? ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर बोट ठेवून शिकवायची: तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता भरणार ते कळतं. अष्टमीला सहा. मग मेथी निवडता निवडता घड्याळाकडे बघून म्हणायची, "आता भरली असेल खाडी."

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात धीर करून विचारलं, "सुलभा, त्या साडीचा राग येते का वं अजून?"

कॅलेंडर तिथंच आहे. आज चतुर्थी, म्हणजे तीन. तीनला माझा मेथीवरचा हात आपोआप थांबला, आणि तिचं उत्तर पुन्हा ऐकू आलं:

"साडी दुसऱ्या सकाळच्या ओहोटीला खडकात अडकलेली मिळाली होती, ताई. पण तोवर तुम्ही इतकं गोड बोलायला लागला होतात, की म्हटलं, राहू दे बुडालेली."