हातावरचं तूप

दीर्घायुषी लोक काय खातात, कसे राहतात, हे शिकायला मी जपानला गेले. परतले ती थेट मामाच्या गावी, रामाकोन्याला, त्याच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत येऊन बसले. तिकडचे म्हातारे पोट पुरतं भरायच्या आधीच हात धुतात, असं सांगून मी दुसरी पुरणपोळी नाकारली. पण आमच्याकडे नकाराला विचारतो कोण? मी ताटावर हात आडवा धरला, तर मामीनं कढत तूप हातावरच ओतलं. “त्याईच्या नावानं तरी खाय न!”

माझं डोकं फिरलं. “मामाला शुगर होती. असाच आग्रह करकरून मारलंत तुम्ही त्याला!”

मामीनं तुपाचं भांडं खाली ठेवलं.

“मी नाही. त्याईच्या शेवटच्या भाऊबीजेले तुही माय वाढून राहिली होती. मी तिचा हात धरला, तं चारचौघात मले म्हने, ‘माह्या भावाच्या तोंडचा घास काढून घेतं का?’ तवापासून मी कोनाचाच हात धरत नाही.”

आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं मान वर केली नाही. पोळी तुपात बुडवत राहिली.