कव्हरस्लिपखालचा बुडबुडा

थांबा, हे आत्ताच सांगते. घाईत टाइप करतेय, चुका चालवून घ्या.

दीड महिन्यापूर्वी फोन आला तेव्हा मी अमळनेरच्या एसटीत होते. रूपाताई गेली. डेंग्यू. माझी लॅबमधली सीनियर, जळगावातली रूममेट. जरा ताप आहे, घरी जाऊन येते म्हणून धुळ्याकडे गावी गेलेली... माझा स्टॉप आला आणि गेला, उतरायचं सुचलंच नाही.

ताई एका जागी बसायचीच नाही. घडीत खिडकीशी, घडीत टेबलावर, मग पॅसेजमध्ये फेऱ्या. खुर्चीला काटे आहेत का, असं मी चिडवायचे. तर म्हणायची, आतलं उतरलं की जागा बदलायची, माझ्या जंतूंना कळतं, तुला नाही कळत. तिचं कामच ते होतं, पोहताना जंतू आपली आतली ताकद कशी जोखतात ते बघायचं. पहिल्याच दिवशी तिने काचपट्टीवर जंतूंचा थेंब ठेवला आणि वरच्या पातळ काचेखाली, कव्हरस्लिपखाली, मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडला. मी म्हटलं, ताई, याचे प्रॅक्टिकलला मार्क कापतात. "बघ तर आधी." मायक्रोस्कोपखाली सगळे सैरावैरा पळत होते... आणि थोड्या वेळाने बुडबुड्याभोवती ही गर्दी! मी विचारलं, त्यांना हवा दिसते का? ताई खुशीत आली की अहिराणीत शिरायची. "त्यासले डोया नहीत. पन आत कमी व्हयनं का समजस." कमी झालं की गिरकी घेऊन दिशा बदलायची, हवेजवळ ताकद वाढत असली की सरळ सुटायचं. बस, एवढंच.

परवा आमच्या लॅबचे सर म्हणाले, फ्रीजमध्ये जागा नाही, रूपाच्या जंतूंच्या ट्यूबा ऑटोक्लेव्हच्या वाफेत मारून टाकू. ताई गेल्यापासून त्यांना ताजं खायला कुणी घातलंच नव्हतं. मी एक दिवस मागितला. सर म्हणाले, पोहत असतील तर ठेव, नाहीतर हट्ट करू नकोस. काल ब्रॉथमध्ये, त्यांच्या पातळ खाण्यात, वाढवले, आज थेंब घेतला, कव्हरस्लिप ठेवली आणि बघते तर कोपऱ्यात बुडबुडा. शप्पथ, मी सोडला नव्हता. आधी काहीच हलेना. खिडकीशी गेले, परत आले. पॅसेजमध्ये गेले, परत आले... आणि बुडबुड्याभोवती गर्दी. तीच.

सरांनी बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग ताईच्या नावाचं लेबल असलेली ट्यूब माझ्या हातात दिली. "तारीख बदल. नाव राहू दे."

तुमचं झालंय का असं? गेलेल्या माणसाची सवय तुमच्याच हाताने, न विचारता केलीय कधी? सांगा ना.