सत्त्याण्णवाव्या जागेचा बदल

तंत्रज्ञ म्हणून सोळा वर्षांत लो पाओ-चूच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ते ठेवलं ताइनानच्या तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख वेई सरांनी. १९९६ सालच्या मे महिन्यातली मंगळवारची दुपार होती. बैठकीला सगळे आपापले डबे उघडून बसले होते.

"ताई, पेशींवरचा द्रव काढताना तुमचा हात हलला. पेशी फुटल्या."

प्रत्येक प्लेटमधल्या द्रवाची एकेक रांग जिच्यावर उमटते ती एक्स-रे फिल्म त्यांनी खिडकीवर चिकटवली होती. गोष्ट साधी होती. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत तयार होतो तेव्हा गाभ्याच्या प्रथिनाचं कवच बनतं. आतला जनुकांचा धागा आधी एकेरी असतो, मग दुहेरी होतो. दुहेरी झाला की कण पिकला. त्यावर बाहेरचं आवरण चढतं आणि तो पेशीबाहेर पडतो. कच्चे कण सहसा आतच राहतात. पण पुष्कळ रुग्णांच्या विषाणूत गाभ्याच्या प्रथिनाच्या साखळीतली सत्त्याण्णवावी कडी बदललेली सापडे. तोच बदल पाओ-चूनं पेशींत घालून पाहिला, तर बाहेरच्या द्रवात कच्च्या कणांचा काळा पट्टा उमटला.

"हे कण बाहेर पडलेले नाहीत, सांडलेले आहेत," सर म्हणाले.

"शेजारची रांग नेहमीच्या विषाणूची. तीही माझ्याच हातची, त्याच सकाळची. तिथे नाही सांडलं ते? हात काय रांग बघून हलतो?"

कुणीतरी खुसकन हसलं. सर हसले नाहीत. "पुढच्या महिन्यात मला हे तैपेईच्या परिषदेत मांडायचंय. ही रांग गाळू. सोमवारपासून तुम्ही काचसामानाची धुलाई बघा. त्रेपन्नाव्या वर्षी हात थरथरायचाच. त्यात लाज कसली?"

पाओ-चूनं झाकण लावून डबा बाजूला सारला. हा विषाणू तिच्या स्वतःच्या रक्तातही होता, आईकडून आलेला. थोरला भाऊ चव्वेचाळिसाव्या वर्षी यकृताच्या कॅन्सरनं गेला. लग्नानंतर हे कळलं तेव्हा सासूनं तिचा वाडगा नि जेवायच्या काड्या वेगळ्या काढल्या. जेवणातून हा रोग लागत नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगूनही सासू ऐकेना. मग एका रविवारी पाओ-चूनं त्याच वेगळ्या वाडग्यानं घरभर माशांचं सूप वाढलं. सासू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाडगा फळीवर सगळ्यांच्या वाडग्यांत गेला. अशा बाईला धुलाईच्या खोलीत धाडायचं, तर कारण तरी पक्कं हवं होतं.

"मग सर, या वेळी द्रव तुम्ही काढा."

"मी?"

"प्लेटांवर खुणाही तुम्हीच करा. कुठली कशाची, ते मला सांगू नका. तुमचा हात अजून तरुण आहे."

सरांनी बारा वर्षांत द्रव ओढायची पिपेट हाती धरली नव्हती. पण इतक्यांदेखत नाही कसं म्हणणार? पीएचडी करणारी शू-युन निरागस चेहऱ्यानं म्हणाली, "सर, हातमोजे कुठल्या मापाचे आणू?"

पेशी पाच दिवस वाढल्यावर सरांनी घाम गाळत आठ प्लेटांवरचा द्रव उतरवला. पाओ-चू पाठीमागे हात बांधून उभी होती. बोलली एकदाच, "बुडबुडे येतायत." पुढचं काम तिचं. फुटलेल्या पेशीतून सांडलेला कण उघडा असतो, रीतसर बाहेर पडलेल्यावर आवरण असतं. म्हणून तिनं आवरणाला धरणारी प्रतिपिंडं लावलेले मणी द्रवात फिरवले आणि मण्यांना लागलं तेवढंच पुढे नेलं. शिवाय नेहमीच्या विषाणूच्या एका जादा प्लेटमधल्या पेशी तिनं मुद्दाम फोडल्या आणि तो द्रवही मण्यांतून फिरवला.

फिल्म धुऊन आली, खिडकीवर चिकटली. सरांनी खिशातून खुणांचा कागद काढला आणि एकेक रांग ताडून पाहिली. बदललेल्या विषाणूच्या चारही रांगांत कच्च्या कणांचा पट्टा होता. नेहमीच्या चारांत पिकलेल्यांचा ठळक, कच्च्यांचा नावापुरता.

"मण्यांना काहीही चिकटतं," सर म्हणाले.

"फोडलेल्या प्लेटची रांग बघा. आत कच्चा माल खच्चून होता. मण्यांना त्यातलं काय लागलंय? जवळपास काही नाही."

सर पुन्हा खिडकीकडे वळले. त्यांनी त्या रांगेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे आवरण चढवून कच्चेच बाहेर पडतायत."

"मंगळवारी तेच दिसत होतं."

"रांग ठेवू," ते म्हणाले. "फिल्मवर तुमचं नाव घालतो."

"घाला. आणि द्रव कुणी काढला, तेही घाला."

शू-युननं हसू लपवायला मान खाली घातली. सर म्हणाले, "धुलाईचं मी सहज बोललो होतो हो, ताई."

"मी सहज ऐकलं नव्हतं." पाओ-चूनं नवे हातमोजे चढवले. "साठाव्या जागेच्या बदलाचं काम पडलंय. त्यात कण बाहेर पडेनासेच होतायत असं दिसतं. तेव्हा माझ्या हाताला काय म्हणायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा."