सभापतींची सून आणि नर्सबाईची खोली

लग्न होऊन दोन मुलं झाली तरी मी सासऱ्यांशी एक शब्दही थेट बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो. उलट त्यांच्याइतका भला माणूस आमच्या घराण्यात दुसरा नव्हता. पण रीतच तशी होती. सासरे समोर आले की सुनेने पदर पुढे ओढायचा, त्यांच्यासमोर बाजेवर बसायचं नाही आणि काही सांगायचंच झालं तर मध्ये कोणाला तरी घालायचं. मूल असलं तर मूल, नसलं तर मांजर.

"मांजरे, मामाजीले सांग, पाणी तापलं."

मांजर चुलीशी डोळे मिटून पडलेलं. मामाजी, म्हणजे सासरे, उठायचे, धोतर सावरायचे आणि जाता जाता मांजरालाच उत्तर द्यायचे, "मांजरे, सांग तिले, आज जेवाले दोन पाहुणे हायेत."

आमचं असं छान चाललं होतं. मग बासष्ट साल उजाडलं आणि जिल्हा परिषद आली.

तालुक्याचा कारभार पाहणारी जुनी जनपद सभा गेली आणि तिच्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली. विटांची नाही, माणसांची. वरच्या मजल्यावर यवतमाळची जिल्हा परिषद, तिथे अध्यक्ष आणि शिक्षण, शेती, बांधकाम, आरोग्य अशा एकेका कामाच्या समित्या. मधल्या मजल्यावर तालुक्याची पंचायत समिती आणि तिचे सभापती. खाली गावोगावच्या ग्रामपंचायती, सगळ्या माना वर करून बसलेल्या. आमचे मामाजी मधल्या मजल्यावर चढले, म्हणजे सभापती झाले. गावात गुळाचे खडे वाटले गेले. आणि त्याच संध्याकाळी आमच्या बैठकीत एक पेच येऊन बसला. मी दाराआड उभी राहून तो पेच ऐकला. दाराआड उभं राहणं हेच तेव्हा आम्हा बायकांचं विद्यापीठ होतं.

"समितीत एक बाई पायजे म्हणते कायदा."

"कायले?"

"आता कायले ते कायद्याले इचारा, बाप्पा."

"लिहिता-वाचता येणारी पायजे. अन् गप्प बसणारी पायजे."

"अशी बाई देवानं अजून बनवली नाही."

"बनवली नं! सभापतीची सून. सातवी पास हाये, अन् सासऱ्यासमोर तोंड उघडनच कशी?"

बैठक खो-खो हसली. मामाजी हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. अशा रीतीने, गप्प बसण्याच्या गुणावर, मी पंचायत समितीची स्वीकृत सदस्य झाले. माझा हा गुण माझ्या आईला कळला असता तर ती हसून हसून आजारी पडली असती.

पहिल्याच सभेत घोटाळा. सभापतींच्या टेबलासमोर खुर्च्या मांडलेल्या आणि मी दाराशी सतरंजीवर बसले. गटविकास अधिकारी साताऱ्याकडचे, चष्म्याचे, नुकतेच आलेले. सगळे त्यांना बीडीओ साहेब म्हणत. त्यांचा चेहरा पडला. "बाई, सदस्यांनी खुर्चीवर बसायचं असतं." मी नुसती मान हलवली. शेवटी उपसभापतींनी तोड काढली. एक खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि मी तिच्यावर पाठमोरी बसले. पुढचं वर्षभर तालुक्याचा कारभार मी कानांनी केला आणि डोळ्यांनी बाहेरचा कडुनिंब पाहिला.

त्याच दिवशी साहेबांनी भाषण दिलं. ही सगळी पद्धत काही नवी नाही म्हणाले, विलायतेत काउंटी म्हणून जिल्हे असतात, तिथेही माणसं निवडून येतात, समित्यांत बसतात, रस्ते, शाळा, दवाखाने बघतात. पगारी अधिकारी सल्ला देतात आणि शेवटी निर्णय होतो तो हात वर करून. एकमेकांशी न भांडता प्रत्येकाने अध्यक्षांनाच उद्देशून बोलायचं. सदस्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग मागून कोणीतरी विचारलं, "साहेब, तिथं सासरा अन् सून एकाच सभेत बसते काय?" साहेबांच्या पुस्तकात ते नव्हतं.

मी चेष्टा करते आहे, पण त्या सभांवर माझा जीव जडला होता. प्रत्येक जण धोतराच्या सोग्याला बांधून आणल्यासारखा काहीतरी घेऊन यायचा. कोणी शाळेचं गळकं छप्पर, कोणी नाल्यावरचा रपटा म्हणजे बुटका पूल, कोणी विहिरीचा कठडा. ओरडायचे, टेबल बडवायचे आणि चहा आला की एकमेकांच्या बशीत चहा ओतून द्यायचे. मामाजी सगळ्यांचं ऐकायचे. रात्री घरी आले की जेवताना गप्प असायचे, म्हणजे समजावं, कुठल्यातरी गावची शाळा त्यांच्या डोक्यात गळते आहे.

मग आमच्या गावाला आरोग्य उपकेंद्र मिळालं आणि त्याबरोबर नर्सबाई आली.

दारव्ह्याकडची मुलगी. वडील नव्हते. नर्सिंग शिकलेली, पांढरं लुगडं, हातात घड्याळ, चालणं असं की रस्ता तिचाच. तिच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला होता आणि हे गावाला तिच्याआधी येऊन पोचलं होतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून ग्रामपंचायतीने तिला शाळेच्या एका खोलीत ठेवलं. त्या सुट्टीत तिने बंजाऱ्यांच्या तांड्यावर, कोलामांच्या पोडावर म्हणजे वस्तीवर आणि गावात किती बाळंतपणं केली, ते त्या बाळांच्या आया सांगतील. पण जून आला, शाळा भरायची वेळ झाली आणि खोली रिकामी करा असा निरोप आला. गावात दुसरी खोली कोणी देईना. जातीचं नाव कोणी काढलं नाही, तेवढे सगळे सभ्य. "सोय नाही" म्हणायचे. कोणाकडे धान्य भरलं होतं, कोणाचा जावई येणार होता. एका वर्षात गावात एवढे जावई कधी आले नव्हते.

ती एका दुपारी आमच्या मागच्या दाराशी आली. मी तिला ओट्यावर बसवलं.

"ताई, तुम्ही मेंबर आहा नं?"

"नावाची."

"मंग नावाचंच बोला. पुढच्या सभेत उपकेंद्र हालवायचा ठराव येऊन राह्यला. ते दुसऱ्या मोठ्या गावी गेलं तर तिथं माह्या जागी त्यायची दुसरी बाई तयार हाये. मी घरी बसन. माह्या पगारावर माय अन् दोन भाऊ हायेत."

"गावातल्या तुमच्या लोकायच्या वस्तीत कोणी ठेवत नाही काय?"

"ठेवतीन नं. एका खोलीत सात माणसं राहतात, आठवी मी. पण मंग गावातल्या बाया येतीन काय तिथं? रातच्या पारी दाईच्या हातानंच अडून मरतीन, पण येणार नाहीत. मले गावाच्या मधात खोली पायजे, ताई. सगळ्यायले येता येईन अशी."

ती गेली. आमच्या अंगणापलीकडे कापसाची खोली होती. तिचं दार रस्त्याकडे उघडायचं. कापूस यायला पावसाळा संपायचा होता आणि ती खोली रिकामी होती. हे मला दिसत होतं, सासूबाईंना दिसत होतं, मामाजींना दिसत होतं. पण घरात हा विषय काढायचा कोणाच्या तोंडून? मांजराच्या?

सभा भरली. मोठ्या गावचे सदस्य उठले. ठिकाण ठरवायचा अधिकार जिल्ह्याच्या आरोग्य समितीचा, पण ती आमची शिफारस मागणार होती. ते म्हणाले, "नर्सबाईच्या राहण्याची सोय नाही, म्हणून उपकेंद्र आमच्या गावी हालवाव अशी शिफारस करा." दोघा-तिघांनी हुंकार भरला. मामाजी हळू आवाजात म्हणाले, "सोयच नसन तर मंग काय करता?"

मी कडुनिंबाकडे पाहिलं. कडुनिंबाने काही मदत केली नाही. मग मी म्हणाले, "बीडीओ साहेब, सभापतीले सांगा, सोय नाही हे कोणी पाह्यलं?"

सभा थबकली. खुर्ची बोलली असती तरी लोक इतके दचकले नसते. (पाठीमागे कोणी काय केलं ते मला नंतर कानोकानी कळलं.)

साहेब गोंधळले. "बाई, सभापती इथेच बसलेत. त्यांना ऐकू आलं."

"आलं असन. पण तुम्ही सांगा."

उपसभापतींनी त्यांचा हात धरला. "साहेब, सून हाये. मधात माणूस लागते. तुम्ही बसा मधात."

"म्हणजे मी काय करायचं?"

"दोघं बोलतीन ते म्हणायचं, बस."

साहेबांनी चष्मा पुसला, खाकरले आणि शुद्ध सातारी सरकारी मराठीत म्हणाले, "सभापती महोदय, सदस्या अशी पृच्छा करतात की, सोय नाही हे कोणी पाहिलं?"

मामाजींनी छताकडे पाहिलं. "साहेब, तिले इचारा, गावात खोली कोणाकडे हाये?"

"सभापती विचारतात, गावात खोली..."

"त्यायले सांगा, कापसाची खोली रिकामी हाये. दार रस्त्याकडून हाये."

"सभापती महोदय, कापसाची खोली रिकामी आहे, दार..." साहेब थांबले. "कोणाची कापसाची खोली?"

साहेबांनी एकदा माझ्या पाठीकडे आणि एकदा मामाजींकडे पाहिलं असावं, कारण त्यांच्या तोंडून "अरे बापरे" निघालं. ते मात्र कोणी सांगितलेलं नव्हतं.

मामाजी रागावले होते. त्यांचा श्वास मला पाठीमागून ऐकू येत होता. घरी असते तर ते सासूबाईंना बोलले असते आणि सासूबाई मला. पण सासूबाई इथे नव्हत्या आणि साताऱ्याच्या त्या गरीब माणसाच्या तोंडून सुनेला शिव्या कशा घालणार? इतकी वर्षं मला वाटायचं की ही रीत फक्त मला बांधते. त्या दिवशी कळलं, दोरीचं दुसरं टोक त्यांच्याही कमरेला होतं.

मोठ्या गावचे सदस्य उसळले. "घरची गोष्ट सभेत कायले आणता? अन् ठेवसान तिले, पण उद्या ती पाणी कुठून घेईन? सभापतीच्या विहिरीवरून?"

झालं. इतके दिवस "सोय" नावाच्या चादरीखाली झाकलेलं आता उघडं पडलं. तांड्याचे नाईकही सदस्य होते, पण कधी बोलत नसत, ते उठले. "माह्या सुनेचं पोरगं आडवं आलतं. त्या पोरीनं सोडवलं. तवा माह्या घरी कोणी विहीर नाही इचारली, भाऊ." आणि बसले.

मत घ्यायचं ठरलं. हालवायच्या बाजूचे हात वर गेले. मग न हालवायच्या बाजूचे. डाव्या हाताने पदर घट्ट धरून मी उजवा हात वर केला. माझ्या बांगड्या खळ्ळकन कोपरापर्यंत घसरल्या. माझ्या आयुष्यात मी एवढा आवाज कधी केला नव्हता. मोजणी झाली, तर दोन्ही बाजू सारख्या.

"मतं समान असल्यास सभापतींचं मत निर्णायक," साहेब कुजबुजले. विलायतेतही तसंच असावं.

खाली आवारात कोणाच्या तरी बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता. नर्सबाई तिथेच झाडाखाली उभी होती, मला खिडकीतून दिसत होती. वर आम्ही काय बोलतो ते तिला ऐकू जात नव्हतं.

"साहेब," मामाजी म्हणाले, "तिले सांगा, त्या खोलीत उंदरं लय हायेत. औषध टाकाव लागन."

साहेबांनी लेखणी उचलली आणि तशीच धरून ठेवली. "हे मत मी कोणत्या बाजूचं धरू?"

उपसभापती हसत म्हणाले, "हालवत नाही म्हणून लिहा, साहेब."

घरी सासूबाईंनी दोन दिवस कोणालाच उत्तर दिलं नाही. मला नाही, मामाजींना नाही, मांजरालाही नाही. खोली झाडली, सारवली, उंदरांना औषध टाकलं आणि नर्सबाई आपली पेटी घेऊन आली. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी आणील, आभार मानील. तिने आधी खिडकी उघडून पाहिली.

"इथं टेबल लागन. बाया पुढच्या दारानं येतीन, मागून नाही. अन् भाडं मी देईन, फुकट नको." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सभेत माह्यावर लय बोलणं झालं म्हणतात. मी तर खालीच उभी होती. मले वर कायले नाही बोलावलं कोणी?"

आम्ही सगळ्यांनी सगळ्यांना मध्ये घातलं होतं, फक्त जिचा प्रश्न तिला सोडून.

तिने घागर उचलली आणि सरळ आमच्या विहिरीकडे निघाली. कोणाला विचारलं नाही. मामाजी बैठकीत बसले होते, ते जागचे हलले नाहीत. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबले. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. नर्सबाईने घागरीला दोर बांधला आणि ती आत सोडली.

"हळू वं," सासूबाई म्हणाल्या. "दोर झिजला हाये. झटका देशीन तर घागर जाईन आत."

"बरं, मावशी," ती म्हणाली आणि सावकाश, हातावर हात घेत, तिने पाणी वर काढलं.

सासूबाईंनी त्या संध्याकाळी देवापाशी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ काढला, हेही मी सांगितलं पाहिजे. पण घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी गडी निघाला तेव्हा त्याच्या पाठीमागून ओरडून नवा दोर आणायला सांगितलं ते त्यांनीच.